कोरडा शीरखुर्मा

रमजान ईदला आठवडा उरला की आमच्या घरी सगळ्यात आधी बरण्या मोजल्या जातात. नवे कपडे, अत्तर, शेवया हे सगळं त्यानंतर. बरण्या मोठ्या, जाड काचेच्या, पत्र्याच्या फिरकीच्या झाकणाच्या. अब्बूंचं जुन्या नाशकात छोटं किराणा दुकान होतं. तिथल्या फळीवर गोळ्या, बिस्किटं, चिक्की याच बरण्यांत असायची. लहानपणी माझा हात त्यांत कोपरापर्यंत जायचा, आणि तो कशासाठी जायचा हे सांगायला नको. पुढे प्लॅस्टिकच्या हलक्या, पडल्या तरी न फुटणाऱ्या बरण्या आल्या आणि काचेच्या एकेक करून माळ्यावर गेल्या. दुकान बंद केलं तेव्हा भंगारवाल्यानं काचेचा जो भाव सांगितला तो ऐकून अम्मी म्हणाली, "रहने दो, कुछ न कुछ काम आएँगी." हे वाक्य आमच्या घरात सुतळीच्या तुकड्यापासून मोडक्या छत्रीपर्यंत सगळ्यांना लागू असतं. बरण्यांच्या बाबतीत ते खरं ठरलं.

वाड्यात होतो तोपर्यंत त्यांची गरज पडली नाही. ईदला शीरखुर्मा पातेल्यातून स्टीलच्या डब्यात आणि डब्यातून शेजारी. दिवाळीला तोच डबा चिवडा, चकल्या घेऊन परत. डबा रिकामा परत करायचा नाही, घरात काही नसेल तर मूठभर साखर घालायची, हा नियम आमच्या दादीलाही ठाऊक होता आणि शेजारच्या आजींनाही. दोघींनी तो एकमेकींना शिकवला नव्हता. कोण आवडीनं खातं, कोणाकडे त्या दिवशी उपास आहे, कोण दारात हसून घेतं पण खात नाही, हे पिढ्यांच्या शेजारानं माहीत असायचं. कोणी कोणाला अडचणीत आणत नसे.

सात वर्षांपूर्वी आम्ही इंदिरानगरच्या बाजूला फ्लॅटमध्ये राहायला आलो. घर शोधताना आडनाव सांगितल्यावर किती "मालक सध्या गावाला गेलेत" ऐकले, त्याबद्दल कधीतरी वेगळं लिहीन. इमारतीत चौदा घरं, मुसलमान आम्ही एकटे. पहिली ईद आली आणि प्रश्न उभा राहिला, शीरखुर्मा कोणाला द्यायचा? तेरा दारांमागच्या स्वयंपाकघरांची आम्हाला काही माहिती नव्हती. जो खाणार नाही त्याच्या हातात गरम वाटी देणं म्हणजे त्याला आधी दारात हसायला लावायचं आणि मग ती मोरीत ओतायला लावायची. काहीच न देणं त्याहून वाईट. ते म्हणजे आम्ही इथे राहतो पण इथले नाही, असं आपणच जाहीर करणं.

तोडगा बायकोनं काढला. "कोरडा देऊ. त्यांच्या पातेल्यात, त्यांच्या दुधात ते शिजवतील." शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर. दूध तेवढं ज्याचं त्याचं, बाकी सगळं बरणीत. माळ्यावरून अकरा बरण्या उतरवल्या. दोन कमी पडल्या, त्या गंगेवरच्या बुधवारच्या बाजारात मिळाल्या. (बाहेरगावच्या वाचकांसाठी: नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात.)

बरण्या तयार करण्याचं काम माझ्याकडे आहे, म्हणून त्याबद्दल थोडं अधिकारानं लिहितो. काच वास धरत नाही, वास धरते ती झाकणातली गोल चकती. बाजारातून आणलेल्या एका बरणीला लोणच्याचा वास होता. काच एका धुण्यात मोकळी झाली, पण झाकणाला खायचा सोडा लावून तीन दिवस उन्हात ठेवावं लागलं. झाकण आतून गंजलं असेल तर सरळ नवं आणावं. चिकटलेल्या लेबलावर गोडंतेल आणि सोडा कालवून लावला की अर्ध्या तासात ते बोटानं निघतं. थंड बरणीत उकळतं पाणी ओतू नये, तडकते. आणि धुतल्यावर उन्हात उपडी, नंतर उताणी, पूर्ण कोरडी होईपर्यंत. आत थेंब राहिला तर शेवयांना बुरशी येते आणि साखरेचा खडा होतो.

भरण्याचाही एक क्रम आहे. साखर वर घातली तर ती झिरपत खाली जाते आणि थर मोडतात. म्हणून साखर तळाला, त्यावर चारोळी, मग बदाम-पिस्त्यांचे काप, खारकेचे तुकडे, मनुका (नाशकात राहून मनुकांचा कंजूसपणा करायचा नसतो), आणि सगळ्यात वर बारीक शेवया. दोन लिटर दुधाला पाव किलो साखर आणि शंभर-सव्वाशे ग्रॅम शेवया पुरतात. हलक्या असल्यामुळे बरणी गळ्यापर्यंत भरलेली दिसते. शेवया तुपात परतून भरू नयेत, राहिल्या तर खवट होतात. गळ्याला जरीच्या उरलेल्या काठाची पट्टी आणि मुलीच्या अक्षरातली मराठी चिठ्ठी: खारीक रात्रभर भिजवा, शेवया तुपावर परता, दूध आटू द्या. खारीक भिजवायची म्हणून बरण्या ईदच्या दोन दिवस आधीच दारोदार जातात.

एका जवळच्या मित्राला हे पटत नाही. तो म्हणतो, हे तर समोरच्याचं सोवळं आपणच सांभाळणं झालं. आपल्या हातचं शिजवलेलं चालत नसेल तर कोरडं तरी का द्यायचं? त्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. ज्यानं दारावरून परत फिरणं सोसलंय त्यालाच असं बोलायचा हक्क असतो, आणि त्यानं ते सोसलंय. पण ज्या घराचं मन मला माहीत नाही, त्याची परीक्षा ईदच्या दिवशी शीरखुर्म्याच्या वाटीनं घेणं मला बरं वाटत नाही. शिवाय तेरा घरांत न खाण्याची कारणं तेरा असू शकतात. कोणी मधुमेही, कोणाचा उपास, कोणाला मांस शिजणाऱ्या घरातल्या भांड्याची अडचण, आणि हो, कोणाला आमचीच अडचण. काचेची बरणी यातलं काहीच विचारत नाही.

झालं काय ते सांगतो. पहिल्याच वर्षी तिसऱ्या मजल्यावरचे काका पातेलं घेऊन आले. "अहो, हे शिजवायचं कोणी? तयार द्या की!" पुढच्या वर्षी अशी दोन घरं झाली. आता पाच घरी तयार शीरखुर्मा जातो, आणि त्यांच्या बरण्यांत आम्ही घरी खजूर आणि शेवया साठवतो. बाकीच्या बरण्या दिवाळीत परततात, कधी चिवडा, कधी शंकरपाळे भरून. २०२५ मध्ये ३० मार्चला पाडवा आणि ३१ ला ईद आली. पाडव्याला सकाळी शेजारच्या काकूंनी पुरणपोळ्या पाठवल्या आणि सोबत आदल्या वर्षीची बरणी. तिच्या गळ्यात साखरेची गाठी. अम्मीनं ती गाठी ईदभर काढू दिली नाही. एका घरून मात्र बरणी दर वर्षी स्वच्छ धुऊन, पुसून, रिकामी येते. आतल्या सामानाचं काय झालं ते मी विचारत नाही. पुढच्या वर्षी भरून पाठवतो.

घरी राहिलेल्या बरण्या मुलांच्या ताब्यात जातात. काळ्या कागदात चंद्रकोर आणि तारे कापून तो बाहेरून गुंडाळायचा, आत बारीक दिव्यांची माळ सोडायची, की चाँदरातीला सगळी भिंत भरून जाते. मेणबत्ती लावायची तर तळाला जाड मीठ आणि झाकण उघडं. काचेआड दिवा ठेवायची हौस महाराष्ट्राला नवी नाही. एकेका पैशाच्या वर्गणीतून तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ मध्ये उभा राहिला, आणि कराडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील तर घराघरांत होता. आमच्या या कंदिलाची नक्कल दुसऱ्या मजल्यावरच्या मुलांनी दिवाळीत केली. चंद्राच्या जागी पणत्या कापल्या, एवढाच फरक.

यंदा मोजल्या तर बरण्या बाराच भरल्या. सहाव्या मजल्यावरची आली नव्हती. परवा लिफ्टमध्ये त्या घरची मुलगी भेटली. म्हणाली, "काका, त्यात आईनं मनी प्लांट लावलाय, फार छान वाढलाय. झाकण आहे आमच्याकडे, हवं असेल तर आणून देते."