कितीपट मोठं दिसतं?

दुर्बीण म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "कितीपट मोठं दिसतं?" गेले पंधरा दिवस आमच्या घरात हाच विषय चाललाय. न्हावऱ्याला थोरल्या दादाची लेक यंदा नववीत आहे, तिला दुर्बीण हवीय. तिने नेटवर शोधलेल्या दुर्बिणीच्या खोक्यावर '६७५ पट' असं ठळक छापलंय. दादाचं म्हणणं, "उसाचं बिल आलं म्हणून नळकांड्यात घालायचं का?" आणि निवाड्यासाठी फोन मला!

मंडळी, मला पैशांपेक्षा वेगळीच काळजी. त्या खोक्यातल्या नळीतून पोरीला थरथरणारा पांढरा डाग दिसेल आणि आकाशाचा नाद कायमचा सुटेल.

खरं तर दुर्बीण म्हणजे उजेड गोळा करायची परात. पावसात वाटी ठेवली तर वाटीभर, परात ठेवली तर परातभर. अंधारात आपली बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते. १५० मिलिमीटरचा, म्हणजे सहा इंची आरसा तिच्या साडेचारशे पट उजेड गोळा करतो. मोठं करणं हे नंतरचं काम, ते डोळ्याजवळचं छोटं भिंग करतं. त्यालाही मर्यादा आहे. दर मिलिमीटरला साधारण दोन पट. म्हणजे ६० मिलिमीटरच्या भिंगाला १२० पट, पुढचा सगळा नुसता फुगवलेला धूसरपणा.

गॅलिलिओने १६०९ साली आकाशाकडे रोखली ती भिंगांची दुर्बीण. भिंगाची अडचण अशी, की प्रत्येक रंग थोडा वेगळा वळतो आणि ताऱ्याला रंगीत कडा येतात. न्यूटनने १६६८ मध्ये भिंगाच्या जागी आरसा बसवला आणि ती कटकट मिटली. शिवाय भिंग फक्त कडेने धरता येतं, मोठं केलं की स्वतःच्या वजनाने वाकतं. अमेरिकेत यर्क्सला १८९७ साली ४० इंची भिंग बसलं, त्यापुढे भिंगं फारशी गेलीच नाहीत. आरशाला पाठीमागून आधार देता येतो.

आपल्याकडेही आरसेच. पुण्याच्या सायन्स कॉलेजात (आजचं सीओईपी) १८८८ पासून महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा होती. तिथली २० इंची दुर्बीण तेव्हा देशात सर्वांत मोठी! ती चालवणारे प्रा. कावसजी दादाभाई नेगमवाला १८९८ च्या खग्रास ग्रहणाला दौंडच्या पुढे जेऊरला तळ ठोकून होते. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि सामान कोडाईकनालला गेलं. आणि २००६ मध्ये आयुकाची २ मीटर आरशाची दुर्बीण उभी राहिली ती गिरवलीला, आंबेगाव तालुक्यात, आपल्याच घोड नदीच्या वरच्या अंगाला. शहराच्या उजेडापासून लांब.

म्हणजे परातीइतकाच अंधारही महत्त्वाचा. रांजणगाव एमआयडीसीच्या बाजूचं आकाश उजळलेलं असतं, तरी न्हावऱ्याच्या मळ्यात अमावास्येला अजून आकाशगंगा दिसते. ते पुण्यात माझ्या गच्चीवरून विकत मिळत नाही.

तर माझा निवाडा असा. या हिवाळ्यात १०×५० ची द्विनेत्री. हात स्थिर टेकवले तर गुरूचे चंद्र त्यातही दिसतात. वर्षभर नाद टिकला तर सहा इंची आरसा, अर्धे पैसे माझे. दादा नुसतं "बघू" म्हणालाय. पोरगी मात्र विचारते, "काका, अमावास्या कधी आहे?"