बद्द आवाज

डेकवरचा रंग ताजा होता हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. दिसलं होतं आणि तरी मी गप्प बसलो, हेच अजून सलतं.

मी देवगडचा. अटलांटाला येऊन बावीस वर्षं झाली. इथे समुद्र नाही, पण चॅटाहूची नदीवर ब्युफर्ड धरण बांधल्यावर झालेला लेक लेनियर आहे आणि त्यावर शिडाच्या बोटींच्या शर्यती होतात. चार हंगाम दुसऱ्यांच्या बोटींवर दोर ओढले, मग स्वतःची बोट हवीशी वाटू लागली. शर्यतीत उतरेल आणि सुट्टीत ट्रेलरवर चढवून फ्लोरिडाच्या खाडीतही नेता येईल, अशी. क्लबातले म्हणाले, जे/24 घे. ती पळते खरी, पण तिची कील, म्हणजे तळाखालचं जड पातं, घट्ट बसवलेली आणि चार फूट खोल. क्रेनशिवाय पाण्यात उतरवणं म्हणजे उपद्व्याप, आणि आत रात्र काढायची तर पाठीचे हाल. म्हणून मी कॅटलिना 22 शोधायला लागलो. फ्रँक बटलर यांनी 1969 साली आखलेली ही बोट पंधरा हजारांहून जास्त बनली, त्यामुळे जुनी सहज मिळते. तिची साडेपाचशे पौंडांची बिडाची कील तारेने वर ओढली की दोन फूट पाणी पुरतं. खाली सोडली की पाच फूट खोल जाते.

बोट मिळाली. मालक सत्तरी ओलांडलेले, बोलायला अतिशय गोड. मी शिडं उलगडून पाहिली, ट्रेलरची चाकं फिरवून बेअरिंगचा आवाज ऐकला, विंच फिरवली. राहिलं फक्त डेक वाजवून पाहणं. या बोटींच्या डेकमध्ये फायबरग्लासच्या दोन थरांत प्लायवूड असतं. स्क्रूच्या भोकांतून पाणी झिरपलं की ते आतल्या आत कुजतं आणि वरून काही कळत नाही. नाण्याने ठोकलं की मात्र लगेच कळतं. लहानपणी आजी फणसावर टिचकी मारून सांगायची, टणटण वाजला तर कच्चा, बद्द वाजला तर पिकलेला. डेकचंही तेच.

नाणं खिशात होतं. पण ते गृहस्थ शेजारीच उभे राहून बायको कुठे बसायची, नातवाने पहिल्यांदा सुकाणू कसं धरलं, हे सांगत होते. वडीलधाऱ्या माणसासमोर त्याच्या वस्तूवर ठोकून बघणं मला जमेना. मी नुसतं विचारलं, डेक कसं आहे? ते म्हणाले, एकदम मजबूत, मागच्याच महिन्यात रंगवलंय. मी 3,800 डॉलर मोजले.

तिसऱ्या शर्यतीत वळण घेताना मी डोलकाठीच्या उजवीकडे पाय रोवला आणि डेक पायाखाली दबलं. किंचितच, पण करकरलं. घरी येऊन तिथला एक बोल्ट काढला तर भोकातून चहाच्या रंगाचं पाणी पाझरलं. मग सबंध दुपार मी नाणं आणि खडू घेऊन डेकवर रांगत होतो. टक, टक, टक, आणि मग बद्द. जिथे बद्द, तिथे खडूची रेघ. रेघा जोडल्या तेव्हा चौदा चौरस फूट भरले.

लाकूड कुजतं, त्याचं मला काही नाही. जुनी बोट आहे, कुजणारच. पण वरचा थर कापायच्या आधी रंग घासला, तेव्हा खाली बारीक भोकांच्या रांगा दिसल्या. दोन-दोन बोटांच्या अंतरावर, सरळ ओळीत पाडलेल्या, पुट्टीने बुजवलेल्या. मी भोकं मोजली. एकशे बारा. आत इपॉक्सी सोडून कूज थांबवायचा प्रयत्न झाला होता आणि तो फसला होता. म्हणजे त्यांना माहीत होतं. नुसता संशय नव्हे, कुठून कुठपर्यंत कुजलंय हे इंचाइंचाने माहीत होतं. एकशे बारा वेळा ड्रिल दाबलेला माणूस मला डोळ्यांत बघून ‘एकदम मजबूत’ म्हणाला. त्या रात्री मी फोन उचलला आणि खाली ठेवला. अजूनही केलेला नाही. दुरुस्तीत चौदाशे डॉलर आणि सतरा शनिवार-रविवार गेले, आतून निघालेला लगदा शेणखतासारखा काळा होता, पण मनात राहिली आहेत ती भोकंच.

आणि मग कील तपासायला काढली. तिचा मुख्य खिळा नवा, तार नवी, तिच्या टोकाला बांधलेल्या पत्र्यावर त्यांच्याच अक्षरात तारीख, विक्रीच्या तीन आठवडे आधीची. तो खिळा झिजला किंवा तार तुटली तर साडेपाचशे पौंड बिड धाडकन खाली येतं, बोट फुटू शकते. हे काम त्यांनी केलं आणि मला सांगितलंही नाही, त्याचे पैसेही मागितले नाहीत. मी त्यांना लबाड म्हणत होतो, तो शब्द तेव्हापासून तोंडात नीट बसत नाही. पण माफ केलं असंही नाही. सांगायला काय जात होतं? हजार कमी करून मी तीच बोट घेतली असती.

जुनी बोट घ्यायला जाल तेव्हा मालकाला कॉफी आणायला आत जाऊ द्या आणि तेवढ्यात डेक वाजवा. तो आत गेला नाही तर त्याच्यादेखत वाजवा. खरा विक्रेता रागावणार नाही. ताजा रंग दिसला तर तिथे दोनदा वाजवा.

गेल्या ऑक्टोबरात फ्लोरिडातल्या पनामा सिटीजवळच्या खाडीत आम्ही दोन रात्री बोटीवर काढल्या. बोट सुरेख चालते. उजवी बाजू पूर्ण झाली आहे. डावीकडचे तीन चौरस फूट अजून बाकी आहेत. तिथे खडूची रेघ तशीच आहे, रंग लावलेला नाही.