शिवोलीचा सांजांव

बेळगावाहून चोर्ला घाट उतरावा आणि साखळी, डिचोली, म्हापसा या वाटेने शिवोलीस जावे, ते जूनच्या अखेरीस. घाटात ढग रस्त्यावर उतरलेले असतात. खाली शेतांत पाणी साचलेले असते व माडांच्या बागा न्हाऊन उभ्या असतात. शापोरा नदीकाठच्या या बारदेशातील गावी २४ जूनला, संत योहान बाप्तिस्ताच्या जन्माच्या सणाला, ‘सांजांव’ साजरा होतो. तो पाहण्याचा योग मला आला.

मिस्सा आटोपली आणि वाड्यावाड्यांतून घुमटाचा नाद उठला. घुमट म्हणजे दोन तोंडांचा मातीचा घट. मोठ्या तोंडावर कातडे ताणलेले असते. लहान तोंड हाताने झाकीत-उघडीत वादक नाद घुमवितो. पूर्वी घोरपडीचे कातडे लावीत. त्या प्राण्यास कायद्याचे संरक्षण मिळाल्यावर बकऱ्याचे लावू लागले. २०१९ साली गोवा सरकारने घुमटास राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान दिला.

तरुणांच्या मस्तकांवर ‘कोपेल’ होते. पाने, वेली, फुले, क्वचित फळेही गुंफून केलेला हा मुकुट. वाजतगाजत मंडळी घरोघर जातात व अंगणातील विहिरीत उड्या घेतात. पवित्र मरिया एलिझाबेथच्या भेटीस गेली तेव्हा एलिझाबेथच्या उदरातील बाळाने आनंदाने उडी मारली, असे लूकच्या शुभवर्तमानात आहे. तीच उडी आमच्या लोकांनी विहिरीच्या काठावर आणली! नवविवाहित जावयास या दिवशी सासुरवाडीचे आमंत्रण असते. ज्या घरी वर्षभरात मूल जन्मले, तेथे आनंद अधिकच.

दुपारी संत अंतोनच्या चर्चजवळ पाण्यावर सजविलेल्या होड्या आल्या. दोन होड्या एकत्र बांधून केलेल्या तरंगत्या मंचास ‘सांगड’ म्हणतात. शेजारच्या गावांतील मंडळी अशी जलमार्गाने येण्याची ही रीत फार जुनी आहे. आता तिच्या जोडीला ध्वनिक्षेपक आहेत, बक्षिसे आहेत, देशोदेशींचे प्रवासी आहेत. किनाऱ्यावरील हॉटेलांतही पोहण्याच्या तलावाभोवती सांजांव होऊ लागला आहे. यात सारेच वाईट असे नव्हे. होडी सजविणाऱ्यांच्या श्रमांचे चीज होते, चार घरांना मिळकत होते.

परंतु मला आठवते ती सकाळची एक विहीर. घरात वृद्ध आजी एकटीच, मुले परदेशी. नळ आल्यापासून विहिरीकडे कोणी फिरकत नव्हते. तरीही सणापूर्वी तिने मजूर लावून शेवाळ व पाचोळा काढविला होता, कारण वाड्यातील मुले येणार! मुले आली, उड्या झाल्या. तेवढ्यात कॅमेरा घेतलेल्या एका तरुण प्रवाशाने विनविले, “पुन्हा एकदा उडी मारा, छायाचित्र नीट आले नाही.” एक मुलगा धापा टाकीतच कठड्यावर चढला.

आजी पुढे झाली. कोंकणीत ती जे बोलली त्याचा भाव असा: “पुरे, बाळांनो. सांजांवाची उडी झाली. पाणी वाढले आहे. आत चला, फणस कापला आहे.” मग त्या प्रवाशाकडे वळून म्हणाली, “तूही ये रे बाबा.”

तो क्षणभर ओशाळला. मग कॅमेरा पिशवीत ठेवून ओल्या मुलांच्या पंक्तीस ओट्यावर बसला. गरे वाटता वाटता आजीने त्याला त्याच्या आईची खुशाली विचारली. सकाळपासून सण पाहणारा तो मनुष्य आता सणात आला होता.

वाचकहो, आपणही शिवोलीस अवश्य जा. मात्र आधी मिस्सेला जा. घरधन्यास विचारल्यावाचून त्याच्या अंगणात शिरू नका. पोहता येत नसेल किंवा पोटात मद्य असेल तर पाण्यात मुळीच उतरू नका. आणि घरी परतल्यावर आपल्या परसातील विहिरीत एकदा डोकावून पाहा. कोणासाठी तरी ती स्वच्छ करावी असे वाटले, तर शिवोलीच्या आजीचा फणस मी एकट्यानेच खाल्ला नाही, असे मी समजेन.