शेवटचा रविवार

मला एक वाईट खोड आहे. एखादे पुस्तक रंगात आले, त्यातली माणसे घरच्यासारखी वाटू लागली, की शेवटची पाच-सहा पाने शिल्लक ठेवून मी ते मिटतो. उरलेले उद्या वाचू, असे स्वतःला सांगतो. तो उद्या कधी दुसऱ्या दिवशी उजाडतो, कधी महिन्याने, आणि कधी उजाडतच नाही. आमच्या कपाटात अशी दहा-बारा पुस्तके आहेत की, त्यांच्या नायकाचे पुढे काय झाले हे मला आजतागायत ठाऊक नाही. सौभाग्यवतीच्या मते हा निव्वळ आळस होय. "ताटातला शेवटचा घास कधी उद्यावर ठेवलेला पाहिला नाही तुम्हाला!" असे ती म्हणते, आणि या युक्तिवादाला माझ्याजवळ उत्तर नाही.

दिवाळी तोंडावर आली की आमच्या घरात साफसफाईचे जे पर्व सुरू होते, त्यात यंदा या कपाटाची पाळी आली. खुर्चीवर उभा राहून मी एकेक पुस्तक झटकून खाली देत होतो. एका जाडजूड कादंबरीतून, खुणेसाठी घातलेले एक पोस्टकार्ड जमिनीवर पडले. सौ.ने ते उचलले, वाचले आणि काही न बोलता माझ्या हातात दिले. उजवीकडे उतरत गेलेल्या मोठ्या अक्षरांत पत्ता होता : शक्तिमान, दूरदर्शन, मंडी हाऊस, दिल्ली. मजकूर जेमतेम तीन ओळींचा. 'शक्तिमान बंद करू नका. मी रोज दूध पितो. आता खोटे बोलत नाही.' खाली आमच्या चिरंजीवांचे नाव आणि मार्च २००५ मधली तारीख. टपालाचा शिक्का मात्र कुठेच नव्हता.

मी खुर्चीवरून उतरलो आणि त्याच खुर्चीवर बसून राहिलो.

ज्यांच्या घरात त्या वेळी लहान मुले होती, त्यांना 'शक्तिमान' कोण हे सांगायला नको. १३ सप्टेंबर १९९७ रोजी दूरदर्शनवर ही मालिका सुरू झाली. 'महाभारता'त भीष्म झालेले मुकेश खन्ना तिचे नायक. एरवी ते पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री असे लांबलचक नाव धारण करणारे, पुढे आलेल्या दातांचे आणि चष्म्याचे, वर्तमानपत्रातले एक बावळट छायाचित्रकार. पण कुठे संकट कोसळले की जागच्या जागी गरगर फिरत आणि लाल-सोनेरी पोशाखातले शक्तिमान होऊन आकाशात झेप घेत. साहेबाच्या देशातला सुपरमॅन परग्रहावरून आलेला. आमच्या या वीराने योगसाधना करून, कुंडलिनी जागृत करून सामर्थ्य मिळवले होते. शिवाय भाग संपताना तो मुलांना चार उपदेशाच्या गोष्टी सांगे. दूध प्यावे, नखे कापावी, खोटे बोलू नये. आयांनी जे दहा वेळा सांगून होत नसे, ते तो एका वेळेत करून घेई. त्यामुळे घराघरांतून त्याला वशिल्याची जागा होती.

आमचे चिरंजीव १९९६ चे. म्हणजे त्यांना कळू लागले तेव्हापासून जगात दोन गोष्टी होत्याच : एक रविवार आणि दुसरा शक्तिमान. आम्ही तेव्हा पंचवटीत एका जुन्या वाड्यात राहत होतो. रविवारी दुपार झाली की वाड्यातली सारी पोरे आमच्या पुढच्या खोलीत येऊन बसत. दाराशी चपलांचा ढीग पडे. आई, म्हणजे माझी आई, पलंगावर बसून वाती वळता वळता तो सोहळा पाही. हिंदी तिला अर्धेमुर्धे कळे. पण चिरंजीव साडेपाच वर्षांचे असताना त्यांचा शक्तिमानचा पोशाख तिनेच शिवला होता. कापड लाल खणाचे, आणि छातीवरचे चक्र तिच्या जुन्या साडीच्या जरीचे.

त्या पोशाखाने एक दिवस घात केला. चिरंजीव जिन्याच्या सातव्या पायरीवर उभे राहून गरगर फिरले आणि त्यांनी खाली उडी घेतली. डावा हात मोडला. त्या काळात अशा बातम्या वर्तमानपत्रांतही येत. शक्तिमान वाचवील या भरवशावर मुले भलतेसलते करतात म्हणून ओरड झाली होती, आणि खुद्द मुकेश खन्ना यांना पडद्यावरून मुलांना बजावावे लागले होते. हाताला प्लास्टर घालून आम्ही रिक्षातून परत येत होतो. मुलाची काळजी मिटली की बापाला राग येतो, तसा मला आला होता. मी विचारले, "कुठे होता रे तुझा शक्तिमान?"

त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "त्याला दुसरीकडे जास्त काम असेल."

घरी येऊन मी फर्मान काढले की, उद्यापासून ही मालिका बंद. आईने वातींचे ताट बाजूला ठेवले. "तू शनी चौकाच्या रहाडीत धप्पा मारलास, तेव्हा मला विचारलं होतंस का?" ती म्हणाली. "तुझ्या खाली रंगाचं पाणी होतं, याच्या खाली फरशी होती. फरक एवढाच." नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो की, रहाड म्हणजे पेशवेकाळापासूनचा दगडी हौद. एरवी तो बुजवलेला असतो. रंगपंचमीला उघडतात, त्याची पूजा करतात, रंगाच्या पाण्याने भरतात, आणि मग लोक त्यात उड्या घेतात. अकरा वर्षांचा असताना मीही घेतली होती. तेव्हा फर्मान मागे घ्यावे लागले.

२००५ साली, होळीच्या सुमारास, शाळेतून एक बातमी घरात शिरली : शक्तिमान संपणार. वाड्याच्या ओट्यावर पोरांची सभा भरली. खिडकीतून मला सगळे ऐकू येत होते. एकाचे म्हणणे, तमराज किलविष शेवटी मरणार आणि मग शक्तिमानला काही कामच उरणार नाही. दुसऱ्याचे म्हणणे, तो कायमचा गंगाधर होऊन राहणार. एक मुलगी म्हणाली, त्याचे गीता विश्वासशी लग्न होईल; त्यावर मुलगे संतापले. शेवटी एक सहा-सात वर्षांचा मुलगा उठला आणि म्हणाला, "आपण सगळ्यांनी शेवटच्या दिवशी टीव्ही लावायचाच नाही. मग कसा संपेल?"

मी मनातल्या मनात त्याला नमस्कार केला. माझ्या खोडीचे इतके नेमके समर्थन मला स्वतःलाही कधी सुचले नव्हते.

पोरांना हसण्याचा आम्हा मोठ्यांना काय अधिकार? शेवट न सोसणे ही काही एकट्या बालपणाची मिरास नव्हे. आर्थर कॉनन डॉइलने १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला धबधब्याच्या कड्यावरून नाहीसे केले, तेव्हा वाचक इतके खवळले की पुढे त्याला तो परत आणावा लागला. आमच्या संगीत नाटकांचे प्रेक्षक तरी काय करीत? पद संपले की 'वन्स मोअर', पुन्हा संपले की पुन्हा 'वन्स मोअर'. उत्तररात्र झाली तरी कुणाला घरी जायचे नसे. आणि १९८८ मध्ये रामानंद सागरांचे 'रामायण' राज्याभिषेकावर संपणार असे कळले, तेव्हा तिकडे पंजाबात जालंधरच्या सफाई कामगारांनी चक्क संप पुकारला. वाल्मीकींना आपल्या गुरुस्थानी मानणारी ती माणसे. वाल्मीकींच्या आश्रमात वाढलेल्या लव-कुशांची कथा गाळली जावी, हे त्यांना कसे मानवणार? संप इतर शहरांत पसरला आणि शेवटी सरकारला पुढच्या कथेचे भाग काढावे लागले.

ते 'रामायण' आमच्या याच खोलीत पाहिले गेले होते. दर रविवारी सकाळी दूरदर्शन संचाला हार, समोर उदबत्ती. सीतागुंफा आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे पंचवटीचा प्रसंग आला तेव्हा वाड्यातल्या बायका आपल्याच आळीतली गोष्ट पाहावी तशा पाहत होत्या. पुढची कथा दाखवणार हे कळल्यावर सगळ्यांना आनंद झाला. एकटी आई गप्प होती. "राज्यावर बसलेली सीतामाई मी पाहिली. आता तिला पुन्हा वनात धाडलेली कशाला पाहू?" ती म्हणाली. तिची 'रामविजया'ची पोथी वाचण्याची रीतही अशीच होती. राज्याभिषेकापर्यंतचे अध्याय ती मोठ्याने वाची. पुढचेही वाची, पण मनातल्या मनात.

तर असा आमच्या घरचा वारसा. त्यात चिरंजीवांनी ते पोस्टकार्ड लिहिले. कार्ड आठ आण्याचे, आईने दिलेले. "कामावर जाताना पेटीत टाका हं, बाबा," असे त्याने तीनदा बजावले. मी तेव्हा सातपूरला एका कारखान्याच्या कचेरीत होतो. जाता-येता बसमध्ये वाचायला हातात कादंबरी असे. कार्ड मी तिच्यात ठेवले. नंतर विसरलो, असे म्हटले तर ते अर्धेच खरे होईल. दोन वेळा मी टपालपेटीपुढून गेलो आणि दोन्ही वेळा मनात आले, दिल्लीला हे कोण वाचणार? ज्या वीराने किलविषासारख्या सैतानाशी झुंज घेतली, त्याच्यापुढे पैशाचाही प्रश्न होता म्हणतात. दूरदर्शनला भरायची रक्कम वाढत गेली आणि मालिका चालवणे परवडेना, असे मुकेश खन्ना यांनीच पुढे मुलाखतींतून सांगितले. तेव्हा दुधाच्या पेल्याने ते गणित सुटणार नव्हते हे खरे. पण हे ठरवणारा मी कोण?

२७ मार्च २००५ चा तो रविवार. होळी नुकतीच होऊन गेली होती, रंगपंचमी तीन दिवसांवर होती. कुणाच्या कानामागे अजून गुलाल होता. ज्याने टीव्ही न लावण्याचा ठराव मांडला होता, तोच सर्वांत पुढे येऊन बसला. भाग संपला. एरवी तो संपताच पोरे गरगर फिरत अंगणात पळत. त्या दिवशी कुणी उठेना. मग एकेक जण आपापल्या चपला शोधून निघून गेला.

चिरंजीव माझ्याकडे आले. "बाबा, माझं पत्र पोचलं नसेल का?"

"पोचलं असेल," मी म्हणालो. "पण त्यांचं आधीच ठरलं असेल."

त्याने मान हलवली. शक्तिमानला खोटे न बोलण्याचे वचन देणाऱ्या त्या पत्राविषयी मी इतक्या सहजपणे खोटे बोललो.

आईने त्याला पलंगावर जवळ घेतले. म्हणाली, "पोथी संपली की आपण काय करतो? पहिल्या पाच ओव्या पुन्हा वाचतो. पोथी संपलेली ठेवायची नसते." पुढच्या रविवारी दुपारी टीव्ही बंद होता, आणि चिरंजीव तिला पहिल्या भागापासून कथा सांगत होते. आठ वर्षे जी गोष्ट तिने अर्धीमुर्धी पाहिली, ती तिला पहिल्यांदाच मराठीत नीट कळत होती. "गरगर फिरताना त्याचा चष्मा कुठे जातो रे?" ती विचारी. असे चार-पाच रविवार गेले. मग उन्हाळ्याची सुट्टी लागली, क्रिकेट आले, आणि शक्तिमान केव्हा मागे पडला ते कळलेही नाही. आईही पुढे चार वर्षांनी गेली. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ती मालिका पुन्हा दाखवली, तेव्हा चिरंजीव घरीच होते. दहा मिनिटे पाहून म्हणाले, "काय बाळबोध होतं हो सगळं!" पण उठले मात्र नाहीत.

पोस्टकार्ड हाती आले त्या रात्री मी त्यांना पुण्याला फोन लावला. वीस वर्षांपूर्वीची कबुली द्यायची तर प्रस्तावना काय करावी, हे सुचेना; म्हणून सरळच सांगितले.

पलीकडून हसण्याचा आवाज आला. "मला ठाऊक होतं, बाबा. त्याच आठवड्यात तुमच्या पुस्तकातून कोपरा दिसत होता की!"

"मग काही बोलला का नाहीस?"

"काय बोलायचं? वाटलं, तुम्हाला दुसरीकडे जास्त काम असेल."

रिक्षातले ते वाक्य त्याला आठवत नसावे. मला आठवत होते. फोन ठेवल्यावर पुष्कळ वेळ मी अंधाऱ्या गच्चीत उभा राहिलो. इतकी वर्षे मी समजत होतो की, आपला वीर कधी चुकत नाही असे मुलांना वाटते, आणि म्हणून तो संपला की ती रडतात. तसे नव्हे. तो वेळेवर येत नाही, हे त्यांना मोडलेल्या हातानिशी ठाऊक असते. ती त्याच्या वतीने सबब शोधतात आणि पुढच्या रविवारची वाट पाहतात. शेवटचा भाग वाईट वाटतो तो एवढ्याचसाठी की, त्यानंतर सबब सांगायला जागा राहत नाही. बापाचे बरे असते. त्याचा पुढचा रविवार पुष्कळ दिवस येत राहतो.

आत येऊन मी ती कादंबरी काढली आणि राहिलेली सहा पाने वाचून टाकली. शेवट तसा बरा होता. वीस वर्षे भ्यायचे काही कारण नव्हते. मग आईची रीत आठवली. पुस्तक पुन्हा उघडून पहिले पान वाचले, आणि पोस्टकार्ड तिथेच ठेवून दिले.