पसंतीक्रम

काल डोंबिवलीत ताईकडे भाचीचा इंजिनिअरिंग प्रवेशाच्या ‘कॅप’ फेऱ्यांचा ऑप्शन फॉर्म भरायला बसलो. शाखा कॉम्प्युटरच, प्रश्न कॉलेजचा. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर नावं होती: माटुंग्याचं व्हीजेटीआय, अंधेरीचं एसपीआयटी, घोडबंदर रोडचं ए. पी. शहा. भावजी कटऑफ बघत होते, ताई गाड्या. माटुंग्याला थेट स्लो लोकल; अंधेरीला जायचं तर घाटकोपरला उतरून मेट्रो. सकाळच्या गाडीची ती गर्दी ताईने वर्षानुवर्षं सोसली आहे. तिने अंधेरीसमोर पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह काढलं, मग पुसलं. तो पुसट डाग अजून डोळ्यांसमोर आहे. भाची बराच वेळ गप्प होती. भीती गर्दीची की आमच्या अपेक्षांची, कळेना. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं, की पुढच्या फेऱ्यांत बदल करता येत नाही. ते पहिलं नाव तरी मुलांनाच लिहू द्या.