आतला दाणा

पोळ्याची कर होती. जाम नदीच्या दोन्ही काठांवर, पांढुर्णा आणि सावरगाव, दोन गावांतली दगडफेक, म्हणजे गोटमार, रंगात आली होती आणि आम्ही फुटलेली डोकी शिवत होतो. त्या गर्दीत सौंसरकडून सात वर्षांचा पोरगा आला. अंगणात उभ्या बंडीवरून हातावर पडलेला. कोपर मागं उतरलेलं. भूल देऊन ओढलं. खट् झालं. त्या आवाजाचा मला तीस वर्षं गर्व आहे, तो लपवत नाही.

नंतरची एक्स-रे फिल्म मी एक नजर टाकून बाजूला ठेवली. रेडियसची रेघ कॅपिटेलमच्या मधोमध जात होती, म्हणजे सांधा बसला, तेवढं मला पुरलं. आमच्याकडे नुकतीच लागलेली टेक्निशियन मुलगी म्हणाली, "सर, ट्रॉक्लिया दिसतेय, मग त्याच्या आधीचा आतला दाणा कुठाय?"

पोरांच्या कोपरात हाडाचे दाणे ठरावीक क्रमानं फिल्मवर उमटतात: मिडीयल एपिकॉन्डाइलचा, म्हणजे आतल्या उंचवट्याचा दाणा पाचेक वर्षांत दिसू लागतो, ट्रॉक्लियाचा त्यानंतर. मी ट्रॉक्लिया समजलो तो एपिकॉन्डाइलच होता: स्नायूंनी ओढून तोडलेला, सांध्यात जाऊन बसलेला. दुसऱ्या कोपराची फिल्म काढली. तिथं दाणा जागेवर, ट्रॉक्लियाचा पत्ता नाही.

हा दाणा मला छळतो. दुखरं पोर हात सरळ करत नाही, वाकड्या कोपराचा समोरून फोटो नीट येत नाही. बाजूनं काढलेल्या, लॅटरल फोटोत मनगट जरा फिरलं की तो हाडाच्या सावलीत बुडतो. म्हणून मोबाइलवर पाठवलेल्या स्क्रीनच्या फोटोवर मत मागणाऱ्या डॉक्टरांना मी नाही म्हणतो. ओल्या फिल्मच्या काळात निदान प्लेट हातात धरून तिरपी करता यायची. आणि उतरलेलं कोपर चोळणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. चोळून चोळून स्नायूत हाड धरतं, मग ते कोपर पुन्हा पुरतं वाकत नाही.

त्या पोराची करंगळी बधिर आहे का, हे मी कोपर ओढण्याआधी विचारलंच नव्हतं. नंतर विचारलं. होती. आतल्या बाजूची नस त्या दाण्याच्या मागूनच जाते, हे मला कुणी सांगायला हवं होतं का?

२०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला, तरी असं कोपर मी नागपूरलाच पाठवतो. त्या पोराचीही चिठ्ठी लिहायला बसलो. बाप बाहेर चहा पीत होता. "बसलं," असं मी त्याला आधीच सांगून टाकलं होतं.