पेंटरांचा कॅमेरा

रुकडी गेलं की महालक्ष्मी एक्सप्रेस पंचगंगेच्या पुलावर येते आणि डब्यातली माणसं बॅगा खाली काढू लागतात. दोन्ही बाजूंना उसाचे फड. डिसेंबरचा पहिला आठवडा असल्यामुळे तोड सुरू झालेली. उघड्या खिडकीतून गुऱ्हाळाचा धूर आणि काकवीचा वास आत येत होता. मी कोल्हापूरला आधी चार-पाच वेळा आलो होतो, पण ते लग्नकार्याला किंवा अंबाबाईच्या दर्शनाला. या वेळी एका माणसासाठी आलो होतो. त्याला जाऊन आता सत्तर वर्षं होऊन गेली आहेत.

स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला म्हटलं, "खरी कॉर्नरला जायचंय. तिथं तो कॅमेरा आहे ना…"

"पेंटरांचा कॅमेरा व्हय? बसा की."

त्याने बाबूराव म्हटलं नाही, नुसतं पेंटर म्हटलं, आणि मला फार बरं वाटलं. माझे आजोबा सांगलीत दुकानांच्या पाट्या रंगवायचे. गावात त्यांनाही सगळे पेंटरच म्हणत, आमचं आडनाव कुणाला ठाऊक नव्हतं. आमच्या मुलखात माणसाचं काम असं त्याच्या नावाला चिकटतं. बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांच्या बाबतीत ते इतकं पक्कं चिकटलं, की हिंदुस्थानच्या चित्रपटाच्या इतिहासातही ते बाबूराव पेंटर म्हणूनच राहिले. आणि मूळचं आडनावसुद्धा कामाचंच, मेस्त्री! वडील कृष्णराव सुतारकाम, लोहारकाम, मूर्तिकाम असं सगळंच करणारे. 3 जून 1890 रोजी जन्मलेल्या या मुलाच्या हाती शाळेची पाटी फार दिवस टिकली नाही. ब्रश आणि पटाशी टिकली.

बिनखांबी गणेश मंदिरावरून रिक्षा मंगळवार पेठेकडे वळली आणि खरी कॉर्नरला थांबली. गाड्यांची ये-जा, दुकानांची शटरं वर जाताहेत, शाळेच्या मुलांनी भरलेल्या रिक्षा, आणि या सगळ्यात उभा असलेला कॅमेरा मानस्तंभ. चौकात पुतळे असतात, कारंजी असतात, पण यंत्राला मानस्तंभ म्हणणारं गाव मी दुसरं पाहिलेलं नाही. आदल्याच दिवशी, 1 डिसेंबरला, बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा स्थापना दिन झाला होता. झेंडूचा हार अजून होता, कडेच्या पाकळ्या तेवढ्या मिटल्या होत्या.

मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. बघायला फार काही नाही, खरं तर. कंपनीची जागा या परिसरातली, पण जुनं काही शोधायला गेलं तर हाती लागत नाही. माझ्यासारख्याला इथे उभं राहून मनातच सगळं मांडावं लागतं.

ते असं. नात्याने भाऊ लागणारे आनंदराव आणि बाबूराव हे दोघं संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत. राजवाडे, अरण्यं, रस्ते. सपाट कापडावर खोली उभी करायची त्यांची हातोटी होती. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' 1913 मध्ये आला आणि या दोघांची झोप उडाली. ज्या कापडावर आपण इतकी वर्षं रान रंगवत आलो, त्याच कापडावरचं रान हलताना दिसलं तर पडदे रंगवणाऱ्याचं काय होत असेल, याची मी कल्पना करून पाहतो. त्यांनी आधी जुना प्रोजेक्टर मिळवला, खोलला, समजून घेतला. मग कॅमेरा करायला घेतला. विकत आणायला नव्हे, करायला! परदेशी कॅमेऱ्याची किंमत परवडणारी नव्हती, हे कारण आहेच. पण मला वाटतं, मेस्त्र्यांच्या घरात वाढलेल्या माणसाला वस्तू हवी झाली की पहिला विचार ती करण्याचाच येत असणार.

1916 मध्ये आनंदराव गेले. कॅमेरा अर्धवट राहिला. बाबूराव आणि त्यांचे शिष्य विष्णुपंत दामले यांनी तो 1918 मध्ये पुरा केला. कंपनीला पैसे दिले ते गायिका तानीबाई कागलकर यांनी, आणि पाठीवर हात होता राजर्षी शाहू महाराजांचा. तानीबाईंचं नाव मानस्तंभापाशी उभं राहून मी मुद्दाम मोठ्याने उच्चारलं. गाण्यावर मिळवलेला पैसा एका अनोळखी यंत्रावर लावणाऱ्या त्या बाईचं नाव या गोष्टीत पहिल्या ओळीत यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

खरी कॉर्नरपासून खासबाग चालत गाठता येते. शाहू महाराजांनी बांधलेलं कुस्तीचं मैदान आणि त्याला लागून 1915 मध्ये उघडलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते जळालं. केशवरावांच्या जयंतीची ती आदली रात्र. मी तिथे गेलो तेव्हा पुन्हा बांधणीचं काम चालू होतं. पत्र्यांचं कुंपण, सळया, सिमेंटची धूळ. कुंपणाबाहेर चहाच्या गाड्यावर एक वयस्कर गृहस्थ उभे होते. मी काही विचारलं नव्हतं. तेच म्हणाले, "सगळं गाव रडलं हो त्या रात्री. माझं पहिलं नाटक इथलंच."

केशवराव आणि बाबूराव एकाच वर्षी जन्मलेले, एकाच गावचे. केशवरावांच्या ललितकलादर्श मंडळीसाठी बाबूरावांनी पडदे रंगवले. कोल्हापूरचा सिनेमा आकाशातून पडला नाही, तो या रंगमंचाच्या मागच्या बाजूला, सरस आणि रंगाच्या डब्यांच्या वासात तयार झाला. पण बाबूरावांनी सिनेमात पाय टाकल्याबरोबर पहिली गोष्ट केली ती ही, की रंगवलेला पडदा काढून टाकला. आयुष्यभर ज्यात हात बसला तेच बाजूला सारलं आणि खरी जाडी, खरी खोली असलेले देखावे उभारले. नाटकाचा पडदा कॅमेऱ्यासमोर खोटा पडतो, हे ज्याने तो जन्मभर रंगवला त्यालाच आधी कळलं.

आणखी एक गोष्ट चित्रकारालाच कळणारी. त्या काळची कच्ची फिल्म सगळे रंग सारखे पाहत नसे. लाल तिला जवळजवळ काळा दिसे, निळं आकाश पांढरं पडे. म्हणजे शालूचा रंग निवडायचा तर तो पडद्यावर कोणत्या करड्या छटेत उतरेल हे आधी मनात पाहावं लागे. बाबूराव पात्रांचे पोशाख, उभं राहण्याची ढब, हालचाली आधी कागदावर चितारत. दिग्दर्शन त्यांच्यासाठी चित्र काढण्यापासून सुरू होत होतं.

त्यांचा 'सैरंध्री' 1920 च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केलेल्या. गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघी पुढे कमलादेवी आणि सुशीलादेवी या नावांनी पडद्यावर आल्या. नाव बदलून यावं लागलं, यातच त्या काळाने त्यांना काय वागणूक दिली असेल ते आलं. कीचकवधाचा प्रसंग इतका जिवंत उतरला होता की तो कापावा लागला. मला इथे खाडिलकरांचं 'कीचकवध' आठवल्याशिवाय राहत नाही. त्या नाटकातला कीचक म्हणजे कर्झन हे प्रेक्षकांनी ओळखलं होतं आणि सरकारने 1910 मध्ये नाटकावर बंदी घातली होती. दहा वर्षांनी तोच कीचक पुण्याच्या पडद्यावर मारला जात होता, आणि पाहायला लोकमान्य टिळक होते. त्यांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत लोकमान्य गेले.

पुढचे चित्रपट भराभर आले. 'सिंहगड' (1923) हरिभाऊ आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीवरचा. सूर्यप्रकाशावर अवलंबून असलेल्या त्या काळात त्यांनी कृत्रिम उजेड लावून रात्रीचे प्रसंग टिपले. 1924 च्या 'कल्याण खजिना'ला लंडनच्या वेम्बली प्रदर्शनात पदक मिळालं. त्याच चित्रपटाचं पोस्टर हे आज शिल्लक असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय पोस्टरांपैकी एक मानलं जातं. ते छापील रूपात मी पाहिलं आहे, आणि पाटी रंगवणाऱ्याचा नातू म्हणून सांगतो, तो हात जाहिरातीसाठी घाईने फिरलेला नाही.

पण ज्या चित्रपटासाठी मी मुख्यतः या गावी आलो तो 'सावकारी पाश'. साल 1925. चहूकडे देवादिकांचे आणि राजेरजवाड्यांचे चित्रपट चाललेले असताना बाबूरावांनी नारायण हरी आपट्यांच्या कथेवरून कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची गोष्ट घेतली. सावकार कागद करून घेतो, जमीन जाते, पोरगा मुंबईच्या गिरणीत मजूर होतो. तो पोरगा झाले होते व्ही. शांताराम. त्यातल्या एका दृश्याची आठवण चित्रपट-निर्माते जे. बी. एच. वाडिया यांना अनेक वर्षांनंतरही होती: अंधारलेली झोपडी आणि बाहेर केकाटणारा कुत्रा. मूकपट तो, कुत्र्याचा आवाज कुणी ऐकलेला नाही. तरी पाहणाऱ्याच्या कानात तो राहिला. चित्रपट चालला नाही. लोकांना पडद्यावर आपलं रोजचं मरण बघायचं नव्हतं, असं मला वाटतं, आणि त्यांना दोष देववत नाही. बाबूरावांनी मात्र तो विषय सोडला नाही. 1936 मध्ये तोच चित्रपट बोलपट म्हणून पुन्हा केला.

1925 चा 'सावकारी पाश' आज कुठेही नाही. महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक मूकपट गेलेच. उरले ते थोडे तुकडे. नायट्रेटची फिल्म भडकन पेटते, दमट हवेत कुजते, आणि तिच्यातल्या चांदीसाठी लोक ती विकतही. ज्या दृश्यासाठी मी एवढा प्रवास केला ते मला कधीच बघायला मिळणार नाही, हे निघतानाही माहीत होतं. म्हणून तर ते जिथे झालं ती जागा तरी बघावी म्हणून आलो.

दुपारी रंकाळ्यावर गेलो. पाण्यापलीकडे शालिनी पॅलेस. बोलपट आल्यावर शालिनी सिनेटोनसाठी बाबूरावांनी 'उषा' (1935), 'प्रतिभा' (1937) असे चित्रपट केले, पण तोवर त्यांच्या हाताखाली तयार झालेली माणसं आपापल्या वाटेने पुढे गेली होती. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी 1 जून 1929 रोजी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. दोन वर्षांत गुरूची कंपनी बंद पडली. शांतारामांनी 1933 मध्ये गुरूचीच 'सैरंध्री' पुन्हा केली, रंगीत, आणि रंगासाठी जर्मनीपर्यंत गेले. दामले-फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' व्हेनिसला पोचला. नंतर 1947 मध्ये शांतारामांनी 'लोकशाहीर राम जोशी'चं दिग्दर्शन बाबूरावांकडे सोपवलं. शिष्याच्या कंपनीत गुरू कामाला आला, याची गोष्ट लोक हळहळून सांगतात. मला त्यात हळहळण्यासारखं काही दिसत नाही. मेस्त्री कामाला जातो, काम कुणाकडेही असो.

संध्याकाळी शिवाजी चौकात त्यांच्या हातचा शिवरायांचा अर्धपुतळा बघितला. 1945 मध्ये भालजी पेंढारकरांच्या पुढाकाराने तो बसला. इंग्रज गव्हर्नर विल्सनच्या पुतळ्याच्या जागी. वाहतुकीतून वाट काढून मी जितकं जवळ जाता येईल तितकं गेलो आणि जबड्याची रेघ, नाकाचा उतार, टोपाखालची सावली बघत राहिलो. 16 जानेवारी 1954 ला बाबूराव गेले. शेवटपर्यंत ब्रश आणि माती सुटली नाही.

गाडीला अजून दीड-दोन तास होते. रिक्षा उद्यमनगरमधून घेतली आणि एका उघड्या दारासमोर थांबवली. आत एक लेथ चालू होता. चालवणारे काका साठीच्या पुढचे, कपाळावर चष्मा. मी म्हटलं, मला पेंटरांच्या कॅमेऱ्यासारख्या यंत्राबद्दल विचारायचंय. त्यांनी लेथ बंद केला, हात पुसले आणि लोखंडी टेबलावर खडूने काढून दाखवायला लागले. फिल्म सलग सरकून चालत नाही. सेकंदाला सोळा वेळा ती पुढे यायची आणि सोळा वेळा ठप्प उभी राहायची. उभी राहील तेवढ्यातच उजेड आत यायचा, सरकताना झाकण बंद. "म्हंजे बगा, हँडल फिरतंय गोल आणि फिल्म चालतीया धक्क्यानं. हे गोलाचं धक्क्यात आणायचं, सगळी गंमत तितंच हाय. दात केसाएवढा चुकला तर चित्र नाचतंय."

"आज तुम्ही कराल असा?"

"लेथ हाय, मायक्रोमीटर हाय. का न्हाई?"

"आणि हातानं करायचा झाला तर?"

काका काही बोलले नाहीत. टेबलाच्या खणातून एक पितळी चाक काढलं, बोटाएवढी कानस घेतली आणि एका दातावर दोनदा फिरवली. चाक ट्यूबलाइटकडे धरून डोळा बारीक करून बघितलं. मग पुन्हा एकदा कानस फिरवली, आणि पुन्हा धरलं.